सोलापुरात मेन्स फॅशनचे फोटो कसे काढायचे: आधी टेलर, मग कॅमेरा

एप्रिल महिना, दुपारचा एक, अंगात भाड्याने आणलेला काळा ब्लेझर आणि मागे भुईकोट किल्ल्याची काळी भिंत. हे माझं पहिलं फॅशन शूट. फोटोत ब्लेझर कुठं संपतो अन् भिंत कुठं सुरू होते ते कळत नव्हतं, डोळे मिचमिचे, कॉलरवर घाम, आणि रस्त्यावरून जाणारा एक मित्र ओरडला, "काय बे, लग्न ठरलं का?" तेव्हापासून जे जे चुकत चुकत शिकलो ते सांगतो, मोबाईल असला तरी पुरतंय.

सुरुवात रेफरन्सपासून, म्हणजे नमुन्याला समोर ठेवायच्या फोटोंपासून करा, पण दोनशे स्क्रीनशॉट जमवू नका. तीनच फोटो निवडा आणि त्यात नेमकं काय आवडलं ते लिहून काढा, म्हणजे रंग, ढिली पँट, की नुसता उजेड? बहुतेक वेळा आपल्याला शर्ट आवडलेला नसतोच, खिडकीतून आलेला उजेड आवडलेला असतो. इटलीत फ्लॉरेन्सला पिट्टी उओमो म्हणून पुरुषांच्या कपड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, जानेवारीत आणि जूनमध्ये, आणि तेही एका जुन्या किल्ल्यातच. तिथले सूटवाले फोटो बघायला भारी, पण ते लेयर्स इथं मे महिन्यात घातले तर फोटोच्या आधी ॲम्ब्युलन्स लागेल. त्यापेक्षा न्यूयॉर्कचा फोटोग्राफर बिल कनिंगहॅम बघा. २०१६ ला वारला, आयुष्यभर सायकलवर फिरून रस्त्यावरच्या लोकांचे कपडे टिपले आणि स्वतः मात्र फ्रान्समधल्या कामगारांचं साधं निळं जॅकेट घालायचा.

आणि खरं सांगू का, रेफरन्स आपल्या गावातच पडलाय. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या निघतात तेव्हा हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंद बांधायच्या अंगरख्यात असतात, सगळ्यांचा ड्रेस एकच, तरी एखादाच काका नजरेत भरतो. का? बाराबंदी खांद्यावर नीट बसलेली असते, बंद व्यवस्थित बांधलेले असतात आणि चाल रुबाबदार असते, बास.

म्हणून आता टेलर. देशभरातल्या शाळांचे युनिफॉर्म आपल्या सोलापुरात शिवले जातात, गल्लीगल्लीत मशीन चालू आहे, आणि आपण ऑनलाइन मागवलेला शर्ट तसाच फुग्यासारखा घालून फोटो काढतोय! शर्ट घालून आरशासमोर उभं राहा. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर यायला पाहिजे, ती दंडावर लोंबत असेल तर तो शर्ट शूटला नेऊच नका, कारण खांदा दुरुस्त करणं लई किचकट काम असतंय. बाकी सगळं जमतं, साइडनं दाबून घेता येतं, बाही मनगटाच्या हाडापर्यंत आणता येते, पँटची लांबी बुटावर फार चुण्या पडणार नाहीत इतकी कमी करता येते. अट एकच, टेलरकडे जाताना शूटचेच बूट घालून जा, नाहीतर लांबी चुकते. कपडा शक्यतो कॉटन किंवा लिनन घ्या. अगदी बारीक चौकडा आणि बारीक रेषा टाळा, कॅमेऱ्यात त्यावर विचित्र लाटा दिसतात. चादरीचं जॅकेट हल्ली बरेच जण शिवून घेतात, मलाही आवडतं, पण मग बाकी सगळं एकरंगी ठेवा, नाहीतर माणूस दिसत नाही, चादरच दिसते.

शूटच्या दिवशी इस्त्री करून कपडे हँगरवर न्या, घालून बाइकवर जाऊ नका (मी गेलोय, पाठीचा पापड होतो). खिशातून मोबाईल, पाकीट, किल्ल्या सगळं बाहेर काढा.

वेळ सकाळची. मे महिन्यात सूर्य सहाच्या आत उगवतो, जानेवारीत सातच्या आसपास, आणि त्यानंतरचा तासभर उजेड मऊ असतो. उशीर झाला तर उन्हात उभं राहायचं नाही, सावलीच्या कडेला यायचं, तोंड उजेडाकडे, पाठ सावलीकडे. नव्या पेठेतलं बंद शटर, जुन्या वाड्याचा दरवाजा, घरचा जिना, काहीही चालतंय. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी परवानगी विचारा. काळ्या दगडासमोर फिके कपडे घाला, माझी चूक तुम्ही करू नका. घरीच करायचं असेल तर खिडकीशेजारी साधी एकरंगी चादर टांगा. अमेरिकन फोटोग्राफर अर्व्हिंग पेननं १९५० आणि ५१ मध्ये पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमधल्या कामगारांना त्यांच्या कामाच्या कपड्यांत, हातात हत्यारं देऊन, साध्या पडद्यासमोर नैसर्गिक उजेडात उभं केलं होतं, ते फोटो आजही जुने वाटत नाहीत.

आता मोबाईल. आधी लेन्स पुसा, हसू नका, निम्मे फोटो इथंच सुधारतात. वाइड लेन्स नको, २एक्स झूम लावून चार पावलं मागं जा. पूर्ण उंचीचा फोटो असेल तर मोबाईल डोळ्यांजवळ न धरता कमरेच्या उंचीवर धरा, वरून काढला की पाय आखूड दिसतात. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवलं की फोकस लॉक होतो, मग उजेड बोटानं वरखाली करता येतो. पांढरे कपडे असतील तर मोबाईल फसतो आणि सगळं राखाडी करतो, तिथं उजेड थोडा वाढवायचा, काळ्या कपड्यांना उलटं. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड जपून वापरा, तो कधी कान खातो तर कधी कफ.

पोज म्हणजे हातांचा प्रॉब्लेम. हातांना काम द्या, बाही दुमडा, कफचं बटण लावा, चहाचा ग्लास धरा. नाहीतर दहा पावलं चालायला लावा आणि सलग फोटो घ्या, पाचव्या-सहाव्या फेरीला माणूस कॅमेरा विसरतो.

एडिटिंगमध्ये फोटो सरळ करा, उभा कापा, कपड्याचा रंग खरा आहे का बघा, झालं. चेहरा गोरा करणारा फिल्टर लावू नका, मला त्याची चीड आहे, आणि त्यात शर्टाचा रंगही बिघडतो.

दोनशेतले तीन ठेवा, त्यातला एक टेलरला पाठवा. माझ्या टेलरनं माझ्या सगळ्यात भारी फोटोला उत्तर दिलं होतं, "डावी बाही अर्धा इंच जास्त आहे, घेऊन या."