कादंबरीवरचा ऐतिहासिक सिनेमा बघताना काय तपासायचं
बाजीराव मस्तानी (२०१५) घ्या. हा सिनेमा ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवरून आलाय, म्हणजे कल्पना दोनदा मिसळलीय, आधी कादंबरीकाराची, मग दिग्दर्शकाची. त्यामुळे काही खटकलं की लगेच दिग्दर्शकाला झोडू नका, आधी कादंबरी उघडा, तिथे नसेल तरच सिनेमावाल्यांना पकडा.

मग पक्क्या गोष्टी बघा, तारखा, जागा, कोण कधी वारलं. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले, मस्तानीही त्याच वर्षी वारली, तिची कबर पाबळला आहे. पण दोघांचा प्राण एकाच क्षणी जाताना दाखवलाय ना, ती शुद्ध सिनेमाची करामत, आणि खरं सांगू, पडद्यावर चालते ती.

सिनेमातलं 'पिंगा' गाणं मात्र वेगळं प्रकरण. बाजीरावांची बायको काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतायत म्हटल्यावर पेशव्यांचे वंशजही भडकले होते. पेशव्याची बायको अशी चारचौघांत नाचणं त्या काळाच्या रीतीत बसतच नाही, तारीख चुकली तर दुरुस्त करता येते हो, पण रीतच बदलली की बघणाऱ्याच्या डोक्यात तो काळच चुकीचा बसतो, म्हणून माझ्या हिशेबात ही चूक मोठी.

दागिने, झुंबरं, आरसे? सोडून द्या, मजा घ्या.