चालू असलेल्या एडिटरमध्येच फाइल कशी उघडावी?

टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोतून, उघडलेल्या प्रत्येक फाइलसाठी एडिटरची नवी विंडो येत राहिली, की कुठली फाइल कुठे आहे हे शोधण्यातच वेळ जातो. त्याहून वाईट म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी उघडी राहते आणि इकडचे बदल तिकडून सेव्ह करताना पुसले जातात. म्हणून ही सोय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. खाली कमांडचे उच्चार दिले आहेत. टाइप मात्र रोमन अक्षरांत करायचं, आणि ‘डॅश’च्या जागी - हे चिन्ह.

व्हीएस कोड वापरत असाल तर ‘कोड डॅश आर’ लिहून पुढे फाइलचं नाव द्या, फाइल उघड्या विंडोतच येईल. फोल्डरच्या बाबतीत जपून! तिथे ‘डॅश आर’ दिलं, तर विंडोतला आधीचा फोल्डर जाऊन नवा येतो. दोन्ही हवे असतील तर ‘डॅश डॅश ॲड’ वापरा. मॅकवर ‘कोड’ ही कमांडच सापडत नसेल, तर ती आधी कमांड पॅलेटमधून, म्हणजे व्हीएस कोडमधल्या कमांडच्या यादीतून, इन्स्टॉल करावी लागते.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये मुळातच सगळं एका विंडोत उघडतं. तसं होत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये मल्टी-इन्स्टन्सचा पर्याय तपासा.

ईमॅक्सची रचना मला सगळ्यांत नेटकी वाटते. चालू ईमॅक्समध्ये ऑल्ट-एक्स दाबून ‘सर्व्हर-स्टार्ट’ द्या. मग टर्मिनलमध्ये ‘ईमॅक्सक्लायंट डॅश एन’ आणि फाइलचं नाव. क्लायंट फक्त निरोप पोहोचवतो, फाइल उघडतो तो सर्व्हर. रोज लागणार असेल तर सर्व्हर सुरू करण्याची ओळ सुरुवातीच्या सेटिंग फाइलमध्येच घालून ठेवा.

जीव्हिममध्ये, म्हणजे व्हिम एडिटरच्या स्वतंत्र विंडोत चालणाऱ्या रूपात, ‘डॅश डॅश रिमोट-टॅब-सायलेंट’ दिलं की फाइल चालू जीव्हिममध्ये नव्या टॅबमध्ये येते. टर्मिनलमधल्या व्हिमला हे जमेलच असं नाही. ‘व्हिम डॅश डॅश व्हर्जन’च्या यादीत ‘क्लायंटसर्व्हर’पुढे अधिकचं चिन्ह असलं तरच.

आता गिटचं, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं. कमिटचा, म्हणजे अशा एका नोंदीचा, मजकूर लिहायला गिट एडिटर उघडतं आणि तो बंद होण्याची वाट पाहतं. चालू विंडोला फाइल सोपवून कमांड लगेच परतली, तर गिटला वाटतं लिहून झालं, आणि रिकामा मजकूर पाहून ते कमिट रद्द करतं. म्हणून गिटच्या सेटिंगमध्ये एडिटर म्हणून ‘कोड डॅश डॅश वेट’ द्या. ईमॅक्सक्लायंट वापरणाऱ्यांनी इथे ‘डॅश एन’ गाळावं आणि लिहून, सेव्ह करून झालं की कंट्रोल-एक्स आणि मग हॅशचं चिन्ह दाबावं.