दूरच्या सर्व्हरवरील पोस्टग्रेस डीबीव्हरला जोडताना

घरच्या लॅपटॉपवरील डीबीव्हर (डेटाबेस पाहण्या-हाताळण्याचा प्रोग्राम) कार्यालयाच्या लिनक्स सर्व्हरवरील पोस्टग्रेस डेटाबेसला जोडायचे असले, की बहुतेक जण सर्व्हरचा आयपी पत्ता आणि ५४३२ हा पोर्ट भरून पाहतात आणि जोडणी नाकारल्याचा संदेश पदरात पडतो. हा बिघाड नव्हे. पोस्टग्रेसची मूळ मांडणीच अशी आहे, की तो फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच यंत्रावरून आलेल्या विनंत्या ऐकतो.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे पोस्टग्रेसला सर्व पत्त्यांवर ऐकायला लावणे, प्रवेशाच्या नियमांच्या फाइलमध्ये सर्व आयपींना मुभा देणे आणि फायरवॉलमध्ये ५४३२ मोकळा करणे. त्याने जोडणी होते, पण डेटाबेस थेट इंटरनेटवर उघडा पडतो. केवळ घरच्याच आयपीला परवानगी द्यावी म्हटले, तर घरगुती ब्रॉडबँडचा आयपी सहसा बदलत राहतो. त्यापेक्षा सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याची सोय) आधीच चालू असेल, तर त्याच्याच बोगद्यातून, म्हणजे त्या सुरक्षित जोडणीच्या आतून, डेटाबेसपर्यंत जावे. पोस्टग्रेसच्या मांडणीला सहसा हातही लावावा लागत नाही.

आधी टर्मिनलमधून सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन करावे आणि तेथे पीएसक्यूएल (टर्मिनलमधून पोस्टग्रेसला जोडणारा प्रोग्राम) चालवून पाहावे. मात्र होस्ट म्हणून लोकलहोस्ट स्पष्टपणे द्यावा, कारण तो न दिल्यास पीएसक्यूएल युनिक्स सॉकेटने (त्याच यंत्रातील, नेटवर्कविना चालणाऱ्या मार्गाने) जोडले जाते, त्याला वेगळा नियम लागू होतो, आणि तेथे मिळालेल्या यशावरून बोगद्याबद्दल काहीच कळत नाही.

आता डीबीव्हरमध्ये पोस्टग्रेसची नवी जोडणी उघडावी. पहिल्याच वेळी ते ड्रायव्हर उतरवून घेण्याची परवानगी मागते, ती द्यावी. एसएसएचच्या टॅबमध्ये बोगदा वापरण्याची खूण करून सर्व्हरचा पत्ता, पोर्ट २२, सर्व्हरवरील खात्याचे नाव आणि शक्यतो पासवर्डऐवजी खासगी किल्लीची फाइल द्यावी. मुख्य टॅबमध्ये मात्र होस्ट म्हणून लोकलहोस्टच लिहायचे. हमखास गल्लत होते ती येथेच: हा लोकलहोस्ट आपल्या लॅपटॉपचा नसून बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून पाहिलेला, म्हणजे सर्व्हरचा असतो. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड येथे डेटाबेसचे लागतात, सर्व्हरच्या खात्याचे नव्हेत.

बोगद्याची खूण करायला मी एकदा विसरलो होतो. लॅपटॉपवर सरावासाठी बसवलेल्या पोस्टग्रेसमध्ये त्याच नावाचा डेटाबेस आणि तोच पासवर्ड होता, त्यामुळे जोडणी विनातक्रार झाली आणि काल भरलेल्या नोंदी गेल्या कुठे, हे मी अर्धा तास शोधत बसलो. तेव्हापासून जोडणी होताच पहिली क्वेरी आवृत्ती विचारणारी चालवतो; उत्तरात पोस्टग्रेस कोणत्या प्रणालीसाठी तयार केलेला आहे हेही येते, त्यामुळे लॅपटॉप विंडोजचा आणि सर्व्हर लिनक्सचा असल्यास आपण कोठे पोहोचलो ते लगेच कळते.

जोडणी अडली तर संदेश नीट वाचावा. एसएसएचला बराच वेळ उत्तरच न येता मुदत संपली, तर विनंती बहुधा फायरवॉलने गिळलेली असते; तत्काळ नकार आला, तर यंत्रापर्यंत पोहोचलो पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, असे समजावे. बोगद्याची चाचणी यशस्वी होऊनही पासवर्ड चुकल्याचा संदेश आला, तर गडबड डेटाबेसच्या खात्याची आहे. प्रवेशाच्या नियमांत आपली ओळ नसल्याची तक्रार आली, तर ती फाइल तपासावी. पोस्टग्रेस ती वरून खाली वाचतो आणि जुळणारी पहिलीच ओळ लागू करतो. ती ओळ नकार देत असेल, तर खाली लिहिलेल्या परवानगीचा काही उपयोग नाही. या फाइलमधील बदलांसाठी मांडणी पुन्हा वाचायला लावणे पुरते. ऐकण्याचा पत्ता बदलल्यास मात्र पोस्टग्रेस बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

केवळ अहवाल पाहायचे असतील, तर प्रशासकाकडून फक्त वाचण्याचे अधिकार असलेले वेगळे खाते मागून घ्यावे. लिहिण्याचे अधिकार लागतच असतील, तर डीबीव्हरमध्ये जोडणीचा प्रकार प्रॉडक्शन असा निवडावा आणि ऑटो-कमिट (प्रत्येक बदल लगेच आपोआप कायम करणे) बंद आहे ना, हे पाहावे, म्हणजे अट लिहायची राहून गेलेली अपडेट क्वेरी कमिट करण्यापूर्वी मागे घेता येते.