व्यक्तिचित्रे काढणाऱ्याने आपले खरे काम कसे शोधावे

आपल्याला नेमके कोणाचे चेहरे टिपायचे आहेत, हे ओळखण्यासाठी प्रथम स्वतःच्या जुन्या कामाकडे वळावे. मोबदला न घेता काढलेली साधारण 50 छायाचित्रे छापून जमिनीवर मांडावीत आणि त्यांत कोणती माणसे पुन्हा पुन्हा येतात ते पाहावे. कारागीर, वृद्ध की नुकतीच आई झालेली स्त्री, याचे उत्तर बहुधा तिथेच पडलेले असते. जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट सँडर (1876–1964) यांनी शेतकऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत समाजाच्या नाना थरांतील माणसे अनेक दशके टिपली, ती असाच एक धागा धरून.

विषय ठरला, की त्यासाठी आठवड्यातील एक दिवस राखावा. साहित्य मोजकेच पुरते: 85 मिमीची, म्हणजे चेहरे टिपायला सोयीची लेन्स, खिडकीचा उजेड आणि तो उजेड चेहऱ्यावर परतवण्यासाठी सावलीच्या बाजूला धरलेला पांढरा पुठ्ठा. पहिली 15 मिनिटे कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसते बोलावे (हे सर्वांत अवघड जाते), कारण समोरच्याचे खांदे सैल झाले, की चेहऱ्यावरचे ठेवणीतले हसूही ओसरते. छापील प्रत त्या व्यक्तीला स्वतः नेऊन द्यावी आणि तिची नजर चित्रात प्रथम कुठे थांबते, ते लिहून ठेवावे. पोटापाण्यासाठी घेतलेली लग्नसमारंभांची कामे मात्र, या विषयातून निम्मा घरखर्च सुटेपर्यंत, सोडू नयेत.