आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद कसे ठेवावेत

पासवर्ड चोरीला गेला तर तो बदलता येतो, पण ठसा जन्मभर तोच राहतो. आधारच्या नोंदणीत प्रौढ व्यक्तीचे दहाही बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. गावोगावी बँकमित्राच्या छोट्या यंत्रावर आधार क्रमांक आणि ठसा देऊन खात्यातून पैसे काढता येतात, त्यासाठी ओटीपी लागत नाही. नेमक्या याच सोयीचा गैरफायदा घेऊन, नोंदणीकृत खरेदीखतांवरील अंगठ्यांवरून बनावट ठसे तयार करून खाती रिकामी केल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आहेत. म्हणून ठसे एरवी बंदच ठेवावेत आणि गरजेपुरते उघडावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी आधारशी मोबाइल क्रमांक जोडलेला असणे अनिवार्य आहे. तो नसेल किंवा जुना असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन नोंदवून घ्यावा. त्यानंतर माय-आधार संकेतस्थळावर आधार क्रमांक व ओटीपी देऊन प्रवेश करावा, बायोमेट्रिक लॉक-अनलॉक हा पर्याय निवडावा, सूचना वाचून संमतीच्या चौकटीत खूण करावी आणि पुढे जावे. ठसे, बुबुळे आणि चेहरा या तिन्हींची पडताळणी एकाच वेळी बंद होते. ओटीपीने होणारी पडताळणी मात्र चालू राहते, आणि अनुदान खात्यात जमा होण्यातही अडथळा येत नाही.

अडचण येते ती रेशन दुकानात किंवा निवृत्तिवेतनासाठी हयातीचा डिजिटल दाखला देताना. तिथे जाण्यापूर्वी तात्पुरते अनलॉक करावे, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर कुलूप आपोआप लागते. घरातील वृद्धांच्या बाबतीत हे काम कुणीतरी जबाबदारीने अंगावर घ्यावे लागते, कारण ऐन रांगेत ओटीपी शोधत बसणे त्यांना जमत नाही. (शेतात राबून ठसे पुसट झालेल्यांची कुचंबणा तर वेगळीच.)

ओळखपत्राची प्रत मागितली गेल्यास शेवटचे 4 अंकच दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे. त्याच संकेतस्थळावर पडताळणीचा इतिहासही दिसतो. तो अधूनमधून तपासावा. तिथे अनोळखी नोंद आढळल्यास 1947 या आधारच्या मदतक्रमांकावर विचारणा करावी, आणि पैसे गेले असल्यास बँकेला लगेच लेखी कळवून 1930 या सायबर मदतक्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी.