१ मेचा फळा कसा लिहावा

आमच्या वाचनालयाच्या दारात चार बाय तीन फुटांचा काळा फळा आहे. सकाळी कुलूप उघडलं की पहिलं काम दिनविशेष लिहिण्याचं. एकोणीस वर्षं मी हे करते आहे. आसपासच्या गावांतले ग्रंथपाल आणि शाळेत नव्याने लागलेल्या बाई मला विचारतात, "ताई, एकाच तारखेला जगात इतके दिवस साजरे होतात, त्यातलं घ्यायचं काय आणि सोडायचं काय?" म्हणून १ मेचा फळा मी कसा तयार करते ते इथे लिहिते. दाटीची तारीख आहे ती. ती जमली की बाकीच्या जमतात.

आठवडाभर आधी एक पाठकोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला तारखेने पक्के असलेले दिवस येतील, उजव्या बाजूला सरकणारे. महाराष्ट्र दिन डावीकडे, कारण तो दरवर्षी १ मेलाच येतो. बुद्धपौर्णिमा उजवीकडे. ती वैशाख पौर्णिमेची, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२६ साली ती नेमकी १ मेला आली. गंमत म्हणजे त्याच वर्षी सिंगापूरने वेसाकची, म्हणजे बुद्धपौर्णिमेचीच, सुट्टी ३१ मेला धरली. त्यामुळे सरकत्या दिवसापुढे साल आणि देश दोन्ही लिहायचे, हा माझा नियम. जागतिक हास्य दिनही उजवीकडेच. मुंबईच्या डॉ. मदन कटारियांनी १९९८ मध्ये सुरू केलेला हा दिवस मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. २०२२ मध्ये तो १ मेला आला होता. जुन्या वहीतली यादी न तपासता उतरवली तर हेच दिवस फसवतात. दरवर्षी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघा.

यादी झाली की प्रत्येक दिवसाला चार गोष्टी विचारा. हा दिवस कोणाचा? कुठला? केव्हापासून? आणि त्या दिवशी माणसं नेमकं काय करतात? पहिल्या तिघांची उत्तरं पुस्तकात मिळतात. आमच्याच जिल्ह्यात, वाईला तयार झालेला मराठी विश्वकोश माझ्या टेबलाशेजारी असतो, आता तो मोबाइलवरही वाचता येतो. चौथ्या प्रश्नाला मात्र वेळ द्या, कारण दारात थांबून मुलं वाचतात ते त्याचंच उत्तर. वाप्पु हा फिनलंडचा १ मेचा सण, पण 'फिनलंडमध्ये वाप्पु' एवढंच लिहिलं तर कोणी थांबत नाही. मी लिहिते: हेलसिंकीत ३० एप्रिलच्या संध्याकाळी हाविस अमांडा नावाच्या पुतळ्याला विद्यार्थ्यांची पांढरी टोपी घालतात, आणि दुसऱ्या दिवशी घरोघरची माणसं बागेत जेवायला बसतात. सोबत लिंबू, साखर आणि यीस्ट घालून आंबवलेलं 'सीमा' नावाचं पेय असतं, आणि आपल्या जिलबीसारखा वेटोळ्यांचा, वर पिठीसाखर भुरभुरलेला तळलेला पदार्थ. शेजारी खडूने ती वेटोळी काढली की काम झालं.

फ्रान्सची ओळ अशी: या दिवशी एकमेकांना म्युगेची डहाळी देतात. घंटेसारखी बारीक पांढरी, वासाची फुलं. हवाई बेटांवर १ मे हा 'लेइ'चा, म्हणजे गळ्यात घालायच्या फुलांच्या हारांचा दिवस. कॅथलिक लोकांत तो कामगार संत जोसेफचा सण असतो. पोप पायस बारावे यांनी तो १९५५ साली सुरू केला. वसईकडचे किंवा गोव्याचे कोणी तुमच्या गावात असतील तर ही ओळ सोडू नका.

आता सगळ्यात जपायची जागा. घटना कधी घडली आणि तिचा दिवस कधी पाळतात, या दोन तारखा वेगळ्या असू शकतात. पहिल्याच वर्षी मी फळ्यावर लिहिलं होतं, '१ मे १८८६ : शिकागोत हेमार्केटमध्ये बॉम्बस्फोट'. मुंबईच्या गिरणीत आयुष्य काढून गावी परतलेले एक आबा रोज पेपर वाचायला यायचे. ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "ताई, एक तारखेला संप सुरू झाला. बॉम्ब चार तारखेला." मी पुस्तक काढलं. त्यांचं बरोबर होतं. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत कामगार संपावर गेले, ४ मेच्या रात्री हेमार्केटचा प्रकार घडला आणि ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी झाली. १ मे हा दिवस पाळायचं ठरलं ते १८८९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत, आणि १८९० पासून तो पाळू लागले. तेव्हापासून मी 'घडलं' आणि 'पाळतात' हे दोन शब्द वेगळ्या रंगाच्या खडूने लिहिते.

आबांनी आणखी एक सांगितलं होतं, "आठ तासांचं लिहिता, तसं रविवारच्या सुट्टीचंही लिहा." म्हणून कामगार दिनाच्या ओळीखाली नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव न चुकता असतं. महात्मा फुल्यांचे हे सहकारी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढले आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळाली. भारतातला पहिला मे दिन १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलू चेट्टियार यांनी साजरा केला, तेही याच ओळीत.

'जगभर' हा शब्द लिहिण्याआधी थांबा. ज्या अमेरिकेत हे सगळं घडलं, तिथे कामगारांची सुट्टी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते आणि १ मे १९५८ पासून 'कायदा दिन' म्हणून पाळला जातो. 'अनेक देशांत' एवढं लिहिलं तरी पुरतं आणि ते खरं असतं. जुन्या रशियातली तारीख घेताना तर जास्तच काळजी घ्या. तिथलं कॅलेंडर विसाव्या शतकात तेरा दिवस मागे होतं, म्हणून १९१७ चा मे दिन तिथल्या भिंतीवर १८ एप्रिलला आला.

आपला दिवस मी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहिते. पण 'महाराष्ट्र दिन' लिहून थांबत नाही. १ मे १९६० ला मुंबई द्विभाषिक राज्याची दोन राज्यं झाली. इकडे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, तिकडे जीवराज मेहता. म्हणून त्याच ओळीत 'गुजरात स्थापना दिन' येतो. आमच्या बाजारपेठेत तीन गुजराती कुटुंबांची दुकानं आहेत, त्यातले काका ही ओळ वाचून दरवर्षी आत डोकावतात. त्याखाली हुतात्म्यांची ओळ. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. ती जागा आज हुतात्मा चौक आहे. हुतात्म्यांचा आकडा कुठे १०५ तर कुठे १०६ छापलेला सापडेल. तुम्ही जो घ्याल तो कुठून घेतला ते वहीत टिपून ठेवा. या माणसांबद्दल अंदाजाने काही लिहू नये असं मला मनापासून वाटतं.

फळ्यावर आठच ओळी घ्या. मी दहा लिहून पाहिल्या, खालच्या दोन कोणी वाचत नाही. फळा आदल्या संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून ठेवा. सकाळी पुसला तर ओलावा राहतो आणि खडू उमटत नाही. सरळ ओळींसाठी सुतळीला खडूची पूड लावून दोन टोकं ताणून सोडा, फिकट रेघ उमटते. परदेशी नावं आधी कागदावर देवनागरीत लिहून मोठ्याने म्हणून बघा.

आणि २ मेला पुसण्याआधी सगळं वहीत उतरवा, दिवसभरात कोणी विचारलेल्या प्रश्नांसकट. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "फ्रान्समध्ये ती फुलं विकतं कोण?" मी शोधून काढलं. त्या एका दिवशी कोणीही सामान्य माणूस परवान्याशिवाय रस्त्यावर ती विकू शकतो. यंदाच्या फळ्यावर म्युगेच्या ओळीत एवढं वाढवलं आहे.