लुआर नदीचं खोरं आणि सोलोन्यचं जंगल: एक दिवसाचा ग्रॅव्हल लूप कसा आखायचा

फ्रान्समध्ये सायकलिंग म्हटलं की लोक आल्प्सचे घाट नाहीतर 'लुआर आ व्हेलो' एवढंच सांगतात. लुआर आ व्हेलो हा लुआर नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा पाट्या लावलेला सायकलमार्ग, नव्हेर शहराजवळून थेट अटलांटिकपर्यंत जाणारा, आणि तो सुंदरच आहे. पण ग्रॅव्हल बाइक (खडी-मातीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) घेऊन नुसता तोच केलात तर निम्म्याहून जास्त वेळ डांबरावरच जाईल. खरी खडी, वाळू आणि मातीच्या लांबलचक वाटा आहेत नदीच्या दक्षिणेला, सोलोन्यच्या जंगलात. म्हणून माझं सांगणं असं की सकाळी नदी, दुपारी जंगल, असा लूप करा. ब्ल्वा गावातून निघून ब्ल्वालाच परत, साधारण ६० किलोमीटर, चढ जवळपास नाहीच. सह्याद्रीतल्या घाटांची सवय असलेल्यांना आकडा किरकोळ वाटेल पण वाळूतले ६० आणि डांबरावरचे ६० यात फार फरक आहे, अख्खा दिवस हाताशी ठेवा.

आधी महिना ठरवा. मे-जून सगळ्यात छान. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि वाळू सुकून इतकी भुसभुशीत होते की पुढचं चाक रुततं. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य हा हरणांच्या माजाचा काळ, पहाटे आणि संध्याकाळी नर हरणांचं हंबरणं जंगलभर ऐकू येतं, तो अनुभव घ्यायलाच हवा. पण साधारण सप्टेंबर अखेरीपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत शिकारीचा सीझन असतो आणि सोलोन्य म्हणजे शिकारीचा बालेकिल्ला, त्यामुळे त्या दिवसांत झळझळीत रंगाचं जॅकेट घालाच आणि वाटेत 'शास आँ कूर', म्हणजे शिकार चालू आहे, असा बोर्ड दिसला की मुकाट्याने दुसरी वाट धरा. "पाच मिनिटांत पार होऊ" हा विचारसुद्धा नको.

पोचायला सोपं आहे. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून ब्ल्वाला थेट ट्रेन आहेत, दीड-दोन तास लागतात. सायकल नेणार असाल तर तिकीट काढतानाच सायकलची जागा रिझर्व्ह करावी लागते का ते बघा, उन्हाळ्यात जागा पटकन भरतात. भाड्याने घेणार असाल तर बुकिंग करतानाच टायर किती रुंद आहे ते विचारा, कारण तिथे मिळणाऱ्या बऱ्याच सायकली नदीकाठच्या टूरिंगसाठी असतात आणि बारीक टायर जंगलातल्या वाळूत त्रास देतो. ४० मिलिमीटर हवाच, ४५ असेल तर उत्तम. ७० किलोच्या माणसाने ट्यूबलेसमध्ये ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवावी, ट्यूब असेल तर थोडी जास्त.

आता रूट काढणं, यात घाई नको. सोलोन्यमधलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे आणि मॅपवर वाट दिसते म्हणजे जाता येतं असं अजिबात नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रान्सने कायदा केला, जंगलातली उंच कुंपणं काढायला लावणारा, प्राण्यांना मोकळं फिरता यावं म्हणून. त्याच कायद्यात दुसरी बाजूही आहे, खाजगी जमीन आहे अशी स्पष्ट पाटी असताना आत शिरलात तर दंड, जागेवर भरायचा तर १३५ युरो. म्हणून मी फक्त तीन गोष्टी जोडून रूट काढतो: लुआर आ व्हेलोचा नदीकाठ, शाँबोर या राजमहालाच्या आवारातल्या पाट्या लावलेल्या सायकलवाटा, आणि सरकारी जंगलं, म्हणजे बुलोन्य आणि र्‍युसी. सरकारी जंगलं मॅपवर 'फोरे दोमानियाल' अशी लिहिलेली असतात. 'आयजीएन' या सरकारी नकाशा संस्थेच्या साइटवर १:२५,००० चा नकाशा फुकट बघता येतो, तो उघडून वाट कुठल्या जंगलातून जाते ते तपासा आणि मगच जीपीएक्स (रूटची फाइल) बनवून फोनमध्ये ऑफलाइन टाका. नुसत्या ॲपने सुचवलेल्या रूटवर विसंबू नका.

सकाळी ब्ल्वाचा दगडी पूल ओलांडून दक्षिण काठाला या आणि डावीकडे वळा, नदी डाव्या हाताला ठेवायची. इथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणजे सकाळी नदीच्या उघड्या काठावर वारा पाठीला आणि परत येताना तुम्ही झाडीत, वारा लागत नाही. म्हणून लूप याच दिशेने करा. वाट बऱ्याच ठिकाणी पुराच्या बांधावरून किंवा त्याच्या कडेने जाते. १८४६, १८५६ आणि १८६६ अशा वीस वर्षांत तीन महापुरांनी लुआरने हे बांध फोडले होते, आणि काठच्या गावांत भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा कोरलेल्या दिसतात, तिथे दोन मिनिटं थांबून बघा म्हणजे ही संथ दिसणारी नदी काय करू शकते ते कळतं. वाळूची बेटं बघून पाण्यात उतरायचा मोह होईल, उतरू नका. तळाची वाळू सरकते, खड्डे आणि ओढ वरून दिसत नाही, लोक बुडतात. शिवाय वसंतात त्या बेटांवर सुरय पक्षी अंडी घालतात.

मोंलिवो गाव मागे पडलं की ब्ल्वापासून साधारण पंधरा किलोमीटरवर सँ दिये गाव येतं. शाँबोरचा महाल बांधताना दगड होड्यांमधून इथेच उतरवायचे. इथे बेकरीत पोटभर खा आणि दुपारचं सँडविच बांधून घ्या, कारण पुढे जंगलात काही मिळत नाही आणि गावातली दुकानं दुपारी दोन-तीन तास बंद असतात, सोमवारी तर कित्येक दिवसभर बंद. पाण्याचा इथला खात्रीचा उपाय म्हणजे गावाचं कब्रस्तान, तिथे नळ असतो. 'नों पोताब्ल', म्हणजे पिण्यायोग्य नाही, असं लिहिलेलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

सँ दियेवरून दक्षिणेला वळलं की शाँबोरचं आवार. १५१९ मध्ये राजा फ्रान्स्वा पहिला याने महालाचं काम सुरू केलं ते शिकारीसाठीच, आणि आवार ५,४४० हेक्टर, भोवती ३२ किलोमीटरची भिंत. रूट काढताना ही भिंत लक्षात ठेवायची, आत-बाहेर फक्त ठरलेल्या दरवाज्यांतूनच करता येतं, मॅपवर सरळ रेघ मारून चालत नाही. आतला मोठा भाग प्राण्यांसाठी राखीव आणि बंद आहे. महाल बाहेरून बघायला अर्धा तास पुरे, आत शिरलात तर दुपार गेली, तो वेगळ्या दिवशी करा असं मी आग्रहाने सांगेन.

शाँबोरच्या दक्षिणेकडच्या दरवाज्यातून बाहेर पडलात की बुलोन्यचं जंगल, आणि इथे दिवसाचं खरं सायकलिंग सुरू होतं. ओक आणि पाइन, मधून सरळ रेषेत जाणाऱ्या वाटा, कुठे घट्ट पांढरी खडी, कुठे अचानक वाळू. वाळू दिसली की आधीच हलका गिअर घ्या, वजन थोडं मागे, हँडल सैल धरा आणि पॅडल थांबवू नका, ब्रेक मारला की पडलात. पाऊस झालेला असेल तर उलटं होतं, वाळू घट्ट बसते आणि खालची चिकणमाती ब्रेकमध्ये आणि चाकात अडकते, अशा वेळी गवत उगवलेल्या मधल्या पट्ट्यावरून चालवा. अडसर आडवा लावलेला दिसला तरी सरकारी जंगलात तो सहसा गाड्यांसाठी असतो, सायकल बाजूने जाते, पण सायकलवर बंदीची पाटी असेल तर ती पाळायचीच. वाट सोडून झाडीत शिरायचं नाही.

पुढे ब्रासिय गाव, तिथला जुना लाकडी बाजार बघा, मग टूर आँ सोलोन्यवरून शव्हेर्नी. हा टप्पा छोट्या रस्त्यांचा आहे, तेव्हा एक सांगून ठेवतो: उजवीकडून चालवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क असतो हे आपल्याला सवयीचं नाही, गाडी थांबणारच नाही. अंधार पडणार असेल तर पुढे-मागे लाइट आणि गावाबाहेर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, दोन्ही कायद्याने सक्तीचं आहे.

शव्हेर्नीनंतर शेवटचं जंगल र्‍युसी. चौकातून चांदणीसारख्या चहूकडे वाटा फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात, तेव्हा चौकातल्या खांबावरचं नाव मॅपशी जुळवूनच पुढे जा, एक चूक झाली की दोन-तीन किलोमीटर तसेच सरळ जातात. जंगल संपलं की उतारावरून थेट नदीकडे.

रूमवर पोचल्यावर पाय, गुडघ्याच्या मागची जागा आणि कंबर नीट तपासा. गवतातून गोचीड चिकटते आणि तिच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. फार्मसीत गोचीड काढायचा छोटा हुक मिळतो, तो सकाळीच घेऊन ठेवा. तेल वगैरे न लावता हुकने फिरवून काढायची, जागा धुवायची, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरकडे जायचं. फ्रान्समध्ये कुठेही इमर्जन्सीला नंबर ११२.